एकशिक्षकी शाळा आणि मोबाइलवरचं प्रशिक्षण : गोव्यात हे नीट कसं करता येईल?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. पहिली ते चौथी, खोली एक, शिक्षिका एक. सांगे, काणकोण, धारबांदोडा या बाजूंनाही अशा शाळा बऱ्याच आहेत. शिक्षकांच्या प्रशिक्षणावर इथे पूर्वी बोलणं झालं आहे, पण दर वेळी ते 'ऑनलाइन बरं की समोरासमोर बरं' यावर येऊन अडतं. मला त्याच्या पुढचं विचारायचं आहे.

गोवा लहान राज्य. एससीईआरटी, म्हणजे राज्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पणजीजवळ पर्वरीला. डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, तीही पर्वरीलाच. काणकोणहून निघालेला माणूससुद्धा सकाळची बस धरली तर वेळेत पोचतो. मग दूरशिक्षणाची गरज आम्हाला का भासावी? तर अंतरामुळे नव्हे. मी प्रशिक्षणाला गेले की शाळा बंद पडते म्हणून. शेजारच्या गावातून बदली शिक्षक पाठवला तर तिथले वर्ग अडतात. आठवडाभराचं प्रशिक्षण म्हणजे माझ्या मुलांचा आठवडा गेला. त्यामुळे प्रशिक्षण माझ्या शाळेत, माझ्या फोनवर यावं हे मला मनापासून हवं आहे.

ते आलंही. 'निष्ठा' हे केंद्र सरकारचं शिक्षक-प्रशिक्षण ऑगस्ट २०१९मध्ये सुरू झालं तेव्हा समोरासमोर होतं. कोविड आला आणि ऑक्टोबर २०२०पासून ते दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवर गेलं. प्राथमिक स्तरासाठी १८ अभ्यासक्रम, नंतर पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचे १२. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. एवढे तास दर वर्षी सगळ्यांना सभागृहात बसवून होणार नाहीत, म्हणजे फोन आता कायमचा आला.

अडचण पुढे आहे. व्हिडिओ पाहून झाला, प्रश्नमंजूषा सोडवली, ७० टक्के मिळाले, प्रमाणपत्र आलं. सकाळी वर्गात उभी राहिले की समोर चार इयत्ता असतात, आणि व्हिडिओतल्या बाईंसमोर एकच इयत्ता होती. तो उपक्रम माझ्या खोलीत कसा बसवायचा हे विचारायला पलीकडे कोणी नसतं.

बांगलादेशात २००८ ते २०१७ या काळात 'इंग्लिश इन ॲक्शन' नावाचा, इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा प्रकल्प चालला. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचा त्यात मोठा वाटा होता. सुरुवातीला शिक्षकांना आयपॉड दिले, मग ते महाग पडतात म्हणून साधे नोकिया फोन आणि त्यात मेमरी कार्ड. कार्डावर बांगलादेशातल्याच खऱ्या वर्गांचे व्हिडिओ, शिवाय मुलांना ऐकवायचे ध्वनिपाठ. वर्गात ऐकू जावं म्हणून छोटा स्पीकर. इंटरनेटची गरजच नाही. ५० हजारांच्या आसपास शिक्षकांपर्यंत ते पोचलं. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटली ती ही की एका शाळेतले दोन शिक्षक जोडीनं घेतले जायचे. एकानं वर्गात करून पाहायचं, दुसऱ्यानं बघायचं, मग दोघांनी बोलायचं.

माझ्या शाळेत दुसरा शिक्षक नाही. तर ती जोडी आम्ही कुठून आणायची? त्यावर बोलूया. जे प्रत्यक्ष वर्गात आहेत, प्रशिक्षण देतात किंवा ज्यांना फोनची तांत्रिक बाजू कळते, अशा सगळ्यांनी लिहावं ही विनंती.

---

म्हादईकाठ

+१. पालक म्हणून वाचतोय. प्रशिक्षणामुळे शाळेला सुट्टी असते हे आमच्या वाड्यावर सगळ्यांना माहीत आहे, पण आम्ही ते बाईंच्या माथी मारतो. मुळात व्यवस्थाच तशी आहे हे आज कळलं.

---

शेवंती

दूरशिक्षणाबद्दल वाईट बोलणाऱ्यांना मला आधी एक सांगायचं आहे. मी खासगी अनुदानित शाळेत होते आणि डी.एड. नव्हतं. शिक्षण हक्क कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि नोकरीत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांना पात्रता मिळवायला ३१ मार्च २०१९ची मुदत मिळाली. एनआयओएसनं, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेनं, तेव्हा डी.एल.एड.चा (प्राथमिक शिक्षकांच्या डिप्लोमाचा) दूरशिक्षण अभ्यासक्रम काढला. देशभरातून दहा लाखांहून जास्त शिक्षक त्यात होते. सरकारच्या 'स्वयं' पोर्टलवर पाठ, 'स्वयंप्रभा'च्या टीव्ही वाहिन्यांवर प्रक्षेपण, आणि अभ्यासकेंद्रावर संपर्कवर्ग.

घरी सासू अंथरुणाला खिळलेली, मूल लहान. कॉलेजात जाऊन दोन वर्षं शिकणं मला या जन्मात जमलं नसतं. बाळंतपणामुळे, आजारपणामुळे, परिस्थितीमुळे ज्यांचं शिक्षण अर्धवट राहतं अशा बायकांना दूरशिक्षणानं उभं केलं आहे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं आणि इग्नूचं सेवेतल्या शिक्षकांसाठीचं बी.एड. ज्यांनी केलं त्यांना विचारा.

पण मला खरं शिकवलं कोणी? संपर्कवर्गात. तिथे आमच्यासारख्याच बायका होत्या, तीस-तीस मुलांचा वर्ग घेणाऱ्या. पाठ टाचणं, एकमेकींसमोर घेऊन दाखवणं, चूक सांगणं. घरी पाहिलेला पाठ तिथे येऊन अंगी लागायचा. तेव्हा बाई, तुमचा जोडीचा मुद्दा अगदी पटला.

---

तळपण

शेवंतीताई, त्या डिप्लोमाचं नंतर कोर्टात काय झालं? माझी बहीण अजून घाबरलेली आहे.

---

शेवंती

नोव्हेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की १८ महिन्यांचा तो अभ्यासक्रम नव्या भरतीसाठी दोन वर्षांच्या डिप्लोमाच्या बरोबरीचा धरता येणार नाही. पुढे न्यायालयानंच खुलासा केला की १० ऑगस्ट २०१७ला जे नोकरीत होते आणि ज्यांनी मुदतीत तो पूर्ण केला, त्यांचा डिप्लोमा ग्राह्य आहे. बहीण तेव्हा नोकरीत होती का ते बघा आणि नेमणुकीचं पत्र जपून ठेवा.

---

जुना_खडू

मी भागशिक्षणाधिकारी म्हणून निवृत्त झालो. दोन गोष्टी लिहितो.

पहिली, हा विचार आपल्या देशाला नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' हा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवली होती. त्यातून प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. नुसतं टीव्हीसमोर बसवलं नव्हतं. टीव्ही, रेडिओ, छापील साहित्य, आणि केंद्रावर हातानं करायचे प्रयोग, असं ते सगळं एकत्र होतं. पुढे २० सप्टेंबर २००४ला खास शिक्षणासाठी आपला एज्युसॅट उपग्रह अवकाशात गेला. उपग्रह बदलला, मग इंटरनेट आलं, मग फोन आला. दर वेळी पाठ पोचवण्यावर पैसा आणि अक्कल खर्च झाली. पाठ पोचल्यानंतर शिक्षकाच्या शेजारी कोण बसणार, याची तरतूद दर वेळी शेवटी आणि अपुरी.

दुसरी गोष्ट, वरून खाली झिरपणाऱ्या प्रशिक्षणाची. राज्यस्तरावर काहीजण शिकतात, ते तालुक्यात शिकवतात, तिथले पुढे केंद्रात, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटात. दर पायरीला पाणी आटत जातं. मी स्वतः त्या साखळीतली कडी होतो आणि ते आटणं जवळून बघत होतो. फोनचा खरा फायदा इथे आहे: मूळ पाठ मधल्या हातांतून न जाता थेट बाईंकडे जातो. मधल्या लोकांना, म्हणजे बीआरपी-सीआरपींना (तालुका आणि केंद्र पातळीवरच्या साधनव्यक्तींना), पाठ पुन्हा सांगण्याचं काम उरत नाही. त्यांनी तो वेळ वर्गात येऊन बसण्यासाठी द्यावा.

केनियात प्राथमिक वाचनाच्या 'टुसोमे' कार्यक्रमानं २०१५पासून हेच केलं. तिथल्या पर्यवेक्षकांना टॅबलेट दिले. शाळेत जायचं, पाठ बघायचा, मुलांचं वाचन ऐकायचं, तिथल्या तिथे नोंद करायची आणि शिक्षकाशी बोलायचं. भेट खरोखर झाली का ते जीपीएसवरून कळायचं आणि प्रवासखर्च त्यावरून मिळायचा. प्रवासखर्चाचा मुद्दा कोणाला क्षुल्लक वाटेल. मला तो सगळ्यांत कळीचा वाटतो. नेत्रावळीच्या वर वेर्ले, साळजिणीपर्यंत पावसाळ्यात दुचाकी नेणाऱ्या सीआरपीला पेट्रोलचे पैसे वेळेवर मिळाले, तर त्या शाळेला भेट होते.

---

कोडवाला

तांत्रिक बाजू मी सांगतो.

रेंज नाही म्हणून प्रशिक्षण नाही, हे आता चालायचं कारण नाही, पण त्यासाठी साहित्य तसं बनवावं लागतं. साधा हिशेब करा. मध्यम प्रतीचा व्हिडिओ सेकंदाला ५०० किलोबिटच्या आसपास जागा घेतो. दहा मिनिटांचे झाले साधारण ३७ एमबी. तेच बोलणं नुसत्या आवाजात ३२ किलोबिटनं ठेवलं तर दहा मिनिटांचे अडीच एमबीसुद्धा होत नाहीत. म्हणजे एका व्हिडिओच्या जागेत पंधरा ध्वनिपाठ. वाळपईच्या बाजारात आल्यावर बाई महिन्याभराचे पाठ दोन मिनिटांत उतरवून घेतील.

म्हणून माझं मत: जे दिसल्याशिवाय कळत नाही तेवढ्यापुरताच व्हिडिओ. दशकाचे गठ्ठे सोडवून वजाबाकी कशी दाखवायची, यासाठी व्हिडिओ हवा. ज्ञानरचनावाद (मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवतं, हा विचार) म्हणजे काय, यासाठी माणसाचा चेहरा अर्धा तास बघायची गरज नाही. ते आवाजात द्या, बाई बसमध्ये ऐकतील.

दीक्षावरचं साहित्य आधी डाउनलोड करून नंतर रेंज नसताना बघता येतं. बऱ्याच शिक्षकांना हे कोणी दाखवलेलंच नसतं. आणि ३२ जीबीच्या कार्डावर वर्षभराचं सगळं मावतं. तालुक्याच्या मासिक बैठकीत कार्ड बदलून घ्यायचं. बांगलादेशवाल्यांनी हेच केलं, आणि त्यांचे फोन आजच्या आपल्या फोनपुढे फारच साधे होते.

---

अबोली

मी बी.एड.च्या विद्यार्थ्यांना शिकवते. 'ऑनलाइन मार्गदर्शक पुरेल का' यावर एक चांगला अभ्यास आहे, तो इथे उपयोगी पडेल.

दक्षिण आफ्रिकेतल्या म्पुमलांगा प्रांतात २०१७ ते २०१९ अशी तीन वर्षं पहिली ते तिसरीच्या शिक्षकांवर हा प्रयोग झाला. मुलांची घरची भाषा इसिझुलू किंवा सिस्वाती, आणि इंग्रजी ही दुसरी भाषा. शाळांचे चिठ्ठ्या टाकून गट केले. एका गटात मार्गदर्शक प्रत्यक्ष वर्गात यायचे. दुसऱ्या गटात शिक्षकांना टॅबलेटवर पाठ आणि व्हिडिओ मिळायचे, आणि मार्गदर्शक फोनवर, व्हॉट्सॲपवर बोलायचे. पहिल्या वर्षाअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखे निघाले आणि लोक खूश झाले, कारण फोनवरचा मार्गदर्शक आला तर प्रवास वाचतो.

तीन वर्षांनी चित्र बदललं. प्रत्यक्ष येणाऱ्या मार्गदर्शकांच्या गटात मुलांचं इंग्रजी बोलणं-ऐकणं ठळकपणे सुधारलं आणि वाचनही सुधारलं. फोनवरच्या गटात बोलण्यात थोडीच सुधारणा झाली, वाचनात काहीच नाही. याहून गंभीर म्हणजे, फोनवरच्या गटात मुलांचं घरच्या भाषेतलं वाचन मागे पडलं. इंग्रजीवर दिलेला वेळ आणि लक्ष घरच्या भाषेतून काढून घेतलं गेलं असावं असा संशोधकांचा अंदाज आहे.

गोव्यात प्रत्येक प्रशिक्षण ठरवताना हे शेवटचं वाक्य समोर ठेवावं असं मला वाटतं. आपल्याकडे मराठी आणि कोकणी माध्यमाच्या शाळा इंग्रजीच्या दबावाखाली आहेतच. इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण फोनवरून द्यावं, त्याला माझा विरोध नाही, पण त्या काळात पहिली-दुसरीचं मराठी वाचन मोजत राहा.

---

कोडवाला

म्हणजे अबोलीताई, फोनवरचं मार्गदर्शन कुचकामी म्हणायचं का? माझ्या मते एका देशातल्या एका प्रयोगावरून एवढं मोठं अनुमान काढू नये. तिथे मार्गदर्शक अनोळखी होता. इथे जुना_खडू सरांसारखा माणूस, ज्यानं शाळा पाहिली आहे, तो फोनवर बोलला तर परिणाम वेगळा असेल.

---

अबोली

तुमचा आक्षेप रास्त आहे. कुचकामी असं मी म्हणत नाही. आधी वर्ग पाहिलेला माणूस, आणि मग अधल्यामधल्या आठवड्यांत फोन, हा क्रम मला बरोबर वाटतो. त्या अभ्यासातून मी एवढंच घेते की भेट पूर्ण काढून टाकू नये आणि पहिल्या वर्षाच्या निकालावर भाळू नये. गोव्याला तर भेट काढून टाकायचं कारणच नाही. म्पुमलांगात शाळा लांब-लांब पसरलेल्या आहेत. आपल्याकडे एका सीआरपीला सकाळच्या वेळात दोन शाळा सहज होतात.

आपल्याच भाषेतलं उदाहरणही आहे. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा एक गट. तिथल्या शाळांत मुलं वस्तू हाताळत, गटात बसत, स्वतः शिकत होती. महाराष्ट्रभरातून शिक्षक ते बघायला गेले. २०१५च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'मध्ये त्याला सरकारी बळही मिळालं. परत आलेल्या शिक्षकांनी व्हॉट्सॲपवर आपापल्या वर्गाचे फोटो टाकले, साहित्य कसं बनवलं ते एकमेकांना सांगितलं. 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द त्याच सुमाराला शाळाशाळांत रुळला. लोकांनी आधी डोळ्यांनी पाहिलं, मग फोननं ते जिवंत ठेवलं.

---

तळपण

भाषेबद्दल मलाही लिहायचं आहे. मी काणकोणात कोकणी माध्यमाच्या शाळेत आहे, मराठीही शिकवते. मी पाहिलेल्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमात बोलणं हिंदीत, स्लाइड इंग्रजीत, आणि उदाहरणातली मुलं जे खातात, ज्या सणाला जातात, ते माझ्या मुलांना अनोळखी. मराठी भाषांतर मिळालं तर ते महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकाला धरून असतं. खोतीगावातल्या मुलाला मोजायला शिकवताना त्याच्या अंगणातल्या सुपाऱ्या आणि भिंडा (कोकमं हो) घेतल्या तर त्याचे डोळे चमकतात. प्रशिक्षणातही तेच दिसावं. गोव्याच्या शिक्षकांचा, गोव्याच्या वर्गात, गोव्याच्या मुलांबरोबरचा व्हिडिओ असावा. आपल्याकडे उत्तम शिकवणाऱ्या बाया आहेत. त्यांच्या वर्गात कॅमेरा कोणी नेलेला नाही.

---

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. जुना_खडू सर, तुम्ही एकशिक्षकी शाळा पाहिल्या आहेत म्हणून थेट विचारते. चौथीला भागाकार शिकवायचा असतो. तो सलग वीस मिनिटं माझ्याशिवाय होत नाही. त्या वीस मिनिटांत पहिलीच्या मुलांना काय देऊ? चित्र रंगवायला दिलं तर रंगवतात, पण शिकत काहीच नाहीत. आजवरच्या एकाही व्हिडिओत मला याचं उत्तर मिळालेलं नाही.

---

जुना_खडू

हा प्रश्न प्रशिक्षणाच्या पहिल्या पानावर हवा.

आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या परिसरातल्या खेड्यांत बहुवर्ग शाळांसाठी एक पद्धत घडवली गेली, तिच्यावरून पुढे तमिळनाडूनं आपल्या सरकारी शाळांत कृतिआधारित शिक्षण नेलं. तिथे मुलांना इयत्तेनं बसवत नाहीत. या घटकेला शिक्षकाची गरज किती आहे त्यावरून बसवतात. एक गट पूर्णपणे शिक्षकाजवळ, एक गट शिक्षकाकडून थोडी मदत घेणारा, एक गट सोबत्याच्या मदतीनं शिकणारा, एक गट स्वतःच करणारा. प्रत्येक कार्डावर खूण असते, त्यामुळे मुलाला स्वतःलाच कळतं की कुठे जाऊन बसायचं.

तुमच्या वीस मिनिटांसाठी असं करा. चौथी तुमच्याजवळ. पहिलीची मुलं तिसरीबरोबर जोडीनं: तिसरीच्या मुलानं अक्षरकार्ड दाखवायचं, पहिलीच्या मुलानं त्या अक्षराची खोलीतली वस्तू शोधून आणायची आणि तिसरीच्या मुलानं तिचं नाव पाटीवर लिहायचं. पहिलीला अक्षर, तिसरीला शुद्धलेखन, दोघांचंही काम खरं. दुसरीच्या मुलांकडे तेवढ्या वेळात स्वतः करायची गणिताची कार्डं, मागच्या बाजूला उत्तर लिहिलेली. महत्त्वाचं म्हणजे हा परिपाठ तुम्ही भागाकार नसलेल्या दिवशी, शांतपणे, आठवडाभर आधी मुलांना शिकवा. नाहीतर पहिल्याच दिवशी सगळे तुमच्याभोवती गोळा होतील.

आणि तिसरीच्या एखाद्या हुशार मुलीला रोज 'छोटी बाई' करू नका. तिचं स्वतःचं शिकणं थांबतं. जोड्या बदलत ठेवा.

---

शेवंती

सर, हे मी लिहून घेतलं. माझ्या शाळेत वर्ग वेगळे आहेत तरी उपयोगी पडेल.

---

म्हादईकाठ

पालक म्हणून एक शंका. बाई वर्गात फोन हातात धरून उभ्या राहिल्या तर गावात बोलतात. पालक-शिक्षक संघाच्या सभेत हे आधीच समजावून सांगितलं तर बरं. आम्हाला कळलं की बाई पाठ ध्वनिमुद्रित करताहेत, तर आम्हीच गप्प करू बोलणाऱ्यांना. मात्र मुलांचे चेहरे फेसबुकवर जाऊ नयेत, एवढं पाहा.

---

अबोली

अगदी बरोबर. म्हणून मी आवाजाच्या बाजूनं आहे. फोन टेबलावर ठेवा, ध्वनिमुद्रण सुरू करा, आपला दहा मिनिटांचा पाठ घ्या. संध्याकाळी स्वतः ऐका. आपण किती प्रश्न विचारले, उत्तरासाठी किती थांबलो, ठरावीक दोन-तीन मुलंच बोलली का, हे ऐकलं की लगेच कळतं. माझे बी.एड.चे विद्यार्थी पहिल्यांदा ऐकतात तेव्हा त्यांच्या लक्षात येतं की मुलाला विचार करायला आपण जेमतेम एक श्वास दिला. मुलांचा चेहरा कुठेच नाही, डेटाही फारसा लागत नाही, आणि जोडीदाराला ऐकवायचं तर व्हॉट्सॲपवर जातं. पालकांना सांगून करायचं, आणि ऐकून झालं की काढून टाकायचं.

---

कोडवाला

यासाठी वेगळं ॲप काढा असं कोणी म्हटलं तर नाही म्हणा. शिक्षकांच्या फोनमध्ये आधीच निवडणुकीचं, माध्यान्ह आहाराचं, हजेरीचं असं काय काय भरलेलं असतं. जे आहे त्यात करा.

---

तळपण

आणि वेळ! रात्री जेवणं उरकून, मुलांचा अभ्यास घेऊन दहा वाजता जे प्रशिक्षण होतं ते प्रशिक्षण मी मानत नाही. बायकांवर याचा दुप्पट भार पडतो. धोरणातले ५० तास नोकरीच्या वेळात मोजले जावेत, ही मागणी शिक्षकांच्या संघटनांनी लावून धरावी.

---

जुना_खडू

तळपणबाईंशी पूर्ण सहमत. मी सेवेत असताना शनिवारचा अर्धा दिवस यासाठी राखून ठेवावा असं लेखी सुचवलं होतं. दोन शेजारच्या एकशिक्षकी शाळांनी महिन्यातला एक शनिवार एकत्र भरवावा. दोन्हीकडची मुलं एका शाळेत, दोन्ही शिक्षिका एका खोलीत. एकीनं पाठ घ्यायचा, दुसरीनं बघायचा. शाळा बंद नाही, बदली शिक्षक नाही, पर्वरीची फेरी नाही. मुलांनाही सोबत मिळते. पाच-सहा मुलांच्या शाळेत वाढणाऱ्या पोराला खेळायला गडी मिळणं ही लहान गोष्ट नव्हे. बाईंनी धाग्याच्या सुरुवातीला विचारलं होतं ना, जोडी कुठून आणायची? ती इथून येते.

मुलांना नेण्या-आणण्याची सोय मात्र आधी लागेल, आणि भागशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी. परवानगीशिवाय मुलांना दुसऱ्या गावात हलवू नका.

---

म्हादईकाठ

नेण्या-आणण्याचं आमच्यावर सोडा. वाड्यावर दोन रिक्षा आणि एक मिनीबस आहे, महिन्यातून एका शनिवारी कोणी नाही म्हणणार नाही.

---

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. देव बरें करूं.

तर मी असं ठरवते आहे. शेजारच्या गावातल्या बाईंशी आज बोलले, त्या तयार आहेत. त्यांच्याकडेही पहिली ते चौथी एकत्रच. परवानगीचा अर्ज आम्ही दोघींच्या सहीनं देतो. त्यात लिहिणार आहोत की महिन्यातला एक शनिवार एकत्र शाळा, सीआरपींनी त्या दिवशी यावं, आणि हे तास आमच्या ५० तासांत धरावेत. शनिवारच्या मधल्या आठवड्यांत आठवड्याला एक ध्वनिमुद्रित पाठ एकमेकींना पाठवायचा आणि त्यावर बोलायचं, फक्त एका गोष्टीवर. पहिल्या महिन्याची गोष्ट ठरली आहे: प्रश्न विचारल्यावर थांबणं.

दीक्षावरचे अभ्यासक्रम सोडणार नाही. दोघींनी तोच भाग त्याच आठवड्यात करायचा आणि तो आपल्या चार इयत्तांत कसा बसतो हे एकत्र बघायचं. अबोलीताईंनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही शाळांतल्या पहिली-दुसरीच्या प्रत्येक मुलाचं मराठी वाचन आत्ता एकदा ऐकून नोंदवतो, पुन्हा नाताळच्या सुट्टीआधी, आणि मग वर्षाअखेरीस.

अबोलीताई, वाचन नोंदवायला सोपा तक्ता आहे का तुमच्याकडे? आणि सांगे, धारबांदोड्याकडचं कोणी एकशिक्षकी शाळेतलं असेल तर इथेच लिहा, शेजारची शाळा शोधायला जुना_खडू सर मदत करतील.

---

अबोली

आहे. अक्षर, शब्द, वाक्य, छोटा उतारा अशा चार पायऱ्या, एका मुलाला तीन मिनिटं पुरतात. मुलानं उतारा वाचला की दोन प्रश्न विचारा, कळून वाचलं का ते त्यावरून लिहा. उतारे कोकणीतही करून देते, तळपणताईंच्या मदतीनं. रविवारपर्यंत या धाग्यावर टाकते.

---

तळपण

मदत नक्की. खोतीगावच्या बाजूला आणखी एक एकशिक्षकी शाळा आहे, तिथल्या सरांना उद्या विचारते.